पुण्यात पाखरांची शिकार : हंगाम कधी, परवाना कुठे, किती पक्षी? नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

हुरड्याचे दिवस सुरू झाले की हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी मला विचारतंच. कुणी नुकतंच सासवडकडे शेतघर घेतलेलं असतं, कुणी बदलीवर पुण्यात आलेलं असतं, कुणी परदेशात आठ-दहा वर्षं काढून परतलेलं असतं. विचारण्याची ठेवण बहुतेक एकच. इथे तितराचा सीझन कधी असतो? लायसन कुठे काढायचं? दिवसाला किती पक्षी चालतात?

उत्तर आधीच देऊन टाकतो. हंगाम नाही, परवाना नाही, आणि दिवसाला चालणाऱ्या पक्ष्यांची संख्या शून्य. पुणे शहर, जिल्हा, अख्खा महाराष्ट्र, सगळीकडे हेच. वन्यजीव संरक्षण कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे जिल्हा ओलांडला म्हणून पाखरं मारायची मुभा मिळत नाही.

पण एवढं सांगून मी थांबत नाही. कायदा ज्याला 'शिकार' म्हणतो त्यात अशा कितीतरी गोष्टी येतात, ज्या भल्या घरची माणसं शनिवार-रविवारी सहज करून जातात आणि आपण काही चुकलो हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर.

पहिली पायरी : 'पूर्वी मिळायचा की परवाना' हे डोक्यातून काढा

ही समजूत खोटी नाही, जुनी आहे. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्ष्यांसाठी स्वतःचा कायदा केला होता. मग १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होतेच. मोठ्या जनावरांसाठी एक, छोट्या शिकारीसाठी दुसरा, पकडण्यासाठी आणखी वेगळा. तितर, लावे, बदकं ही छोट्या शिकारीत मोडायची.

माझ्या थोरल्या काकांकडे असा परवाना होता. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा तो कागद मी हातात घेऊन पाहिला आहे. घडीवर फाटलेला, शिक्का पुसट झालेला. काका सांगायचे, मारलेल्या प्रत्येक पाखराची नोंद ठेवावी लागे, अंधार पडल्यावर बार काढायचा नाही, आणि पावसाळ्यात बंदूक तेल लावून खुंटीला. पावसाळ्यात का, तर तितर-लाव्यांची अंडी-पिल्लं त्याच दिवसांत असतात. हंगाम ठरवण्यामागे जगभर हाच हिशोब असतो : विणीच्या काळात पाखराला हात लावायचा नाही.

१९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने कायमचे बंद झाले. तेव्हापासून नववं कलम सरळ सांगतं की अनुसूचीतल्या कुठल्याही वन्य प्राण्याची शिकार करायची नाही. अपवाद अकराव्या आणि बाराव्या कलमात आहेत : माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर, पिकाची नासाडी करणारे काही प्राणी, आणि शिक्षण-संशोधनासाठी दिलेली खास परवानगी. हौस म्हणून किंवा खाण्यासाठी शिकार, असा अपवाद त्यात नाही. २०२२ मध्ये कायदा पुन्हा दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे, आणि प्राण्या-पक्ष्यांसाठी आता पहिली व दुसरी अशा दोनच मुख्य अनुसूच्या उरल्या आहेत. जुन्या पुस्तकात किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यात 'चौथी अनुसूची, किरकोळ गुन्हा' असं काही दिसलं तर तो तक्ता कालबाह्य समजा. पूर्वी तितर-लावे त्या चौथ्या अनुसूचीत होते, म्हणून लोक अजून तेच धरून बसलेत.

त्यामुळे कुणी एजंट तुम्हाला 'पाखरांच्या शिकारीचं परमिट' काढून देतो म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. असा कागदच अस्तित्वात नाही.

दुसरी पायरी : आपल्या आजूबाजूला कोणती पाखरं आहेत ते ओळखा

पुण्याच्या पूर्वेला आणि आग्नेयेला, म्हणजे सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, पुढे इंदापूरपर्यंत माळरान आहे. पावसाच्या छायेतला प्रदेश, गवत गुडघ्याएवढं, अधूनमधून बोर-बाभूळ. इथलं मुख्य पाखरू तितर. गावाकडे चितूर किंवा तितूर म्हणतात. पहाटे बांधावर चढून जो गळा काढतो तो ऐकून तो किती लांब आहे हे सांगताच येत नाही, इतका त्याचा आवाज घुमतो. त्याच्याहून लहान ते लावे, लावरी. पायाखालून फुर्रकन उठतात, वीस-पंचवीस पावलांवर जाऊन पुन्हा गवतात बुडतात. पाऊस लागला की बटेराचा ओला, तुटक आवाज पिकातून यायला लागतो. खडकाळ माळावर भटतितर, ज्याला पखुर्डीही म्हणतात, सकाळी ठरल्या वेळी पाण्यावर उतरतात.

पश्चिमेकडे, मुळशी, वेल्हे, भीमाशंकरच्या झाडीत रानकोंबडा आणि चकोत्री. वडा-उंबरावर हरियल, जो आपला राज्यपक्षी आहे. मोर तर आता कुठेही. आणि हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या बाजूला तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकादंब आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

यातलं एकही पाखरू शिकारीला मोकळं नाही. मोर, माळढोक, तणमोर हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे शिक्षा सर्वांत कडक. दुसऱ्या अनुसूचीतल्या पाखरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीसाठी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाहीच. वापरलेली गाडी, बंदूक, जाळी सगळं सरकारजमा होऊ शकतं. शिवाय न्यायालय शस्त्र परवाना रद्द करू शकतं आणि मग पाच वर्षं नवा परवाना मागता येत नाही.

तिसरी पायरी : 'शिकार' या शब्दाचा कायद्यातला अर्थ नीट वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण चुका इथेच होतात.

कायद्याच्या दुसऱ्या कलमात शिकारीची व्याख्या आहे. त्यात ठार मारणं आहेच. पण विष घालणं, पकडणं, फास-जाळं लावणं, आमिष दाखवणं, कुत्रा मागे सोडून पळवणं, हाकून आणणं, हेही आहे. यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारीतच धरला जातो. म्हणजे नेम चुकला म्हणून माणूस सुटत नाही. आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला हात लावून त्रास देणं हेसुद्धा शिकारच.

आता हे आपल्या रोजच्या वागण्याशी ताडून बघा. टेकडीवर फिरायला नेलेला कुत्रा तुम्ही पट्टा सोडून तितरांमागे धावू दिला आणि त्याचा व्हिडिओ काढला. मुलांनी बेचकीने होला पाडला. दिवाणखान्यात टांगायला छान दिसेल म्हणून विहिरीवरच्या बाभळीवरून सुगरणीचा खोपा काढून आणला, आणि त्यात पिल्लं होती. पोपटाचं पिल्लू ढोलीतून काढून पिंजऱ्यात ठेवलं. फोटो स्वच्छ यावा म्हणून घरट्यासमोरची फांदी छाटली, मग उन्हाने पिल्लं गेली. यातलं काहीही 'मी कुठे शिकार केली' म्हणून झटकता येत नाही.

टिटवीचं उदाहरण देतो. वाघोली, फुरसुंगी, हिंजवडी, जिथे जिथे मोकळे प्लॉट आहेत तिथे टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते. चार अंडी, मातकट, काळे डाग, टोकं आत वळवून फुलीसारखी मांडलेली. खडीत ती इतकी बेमालूम मिसळतात की दोन फुटांवर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते ती त्यासाठी. जेसीबी येण्याआधी साइटवर अशी टिटवी ओरडताना दिसली तर चार काठ्या रोवून त्यांना लाल चिंधी बांधा आणि साधारण चार आठवडे तेवढा तुकडा सोडा. पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांतच चालायला लागतात आणि जागा आपोआप मोकळी होते. मी दोन ठिकाणी मुकादमाशी बोलून हे करून घेतलं आहे. दोन्ही वेळा मुकादमाने हरकत तर घेतली नाहीच, उलट दुपारी मजुरांना तिकडे फिरकू दिलं नाही.

चौथी पायरी : घरात बंदूक असेल तर

शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गावाकडच्या बऱ्याच जुन्या बाराबोअरच्या परवान्यांवर 'पीक संरक्षण' असं कारण असतं. त्या दोन शब्दांनी पाखरं मारायचा हक्क मिळत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यासाठीसुद्धा वनविभागाची वेगळी, लेखी परवानगी लागते, आणि ती त्याच प्राण्यापुरती, त्याच शिवारापुरती असते. ती खिशात ठेवून तितरावर बार टाकला तर तो सरळ गुन्हा.

वडिलोपार्जित बंदूक असेल आणि मूळ परवानाधारक वारला असेल, तर ती भिंतीवर शोभेला ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून वारसाच्या नावाने रीतसर अर्ज करा.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल फार गैरसमज आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेली एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. त्यामुळे लोक ती ऑनलाइन मागवतात आणि शेतघरावर जाऊन पहिला छर्रा होल्यावर किंवा साळुंकीवर सोडतात. बंदूक ठेवायला परवाना नको, याचा अर्थ तिने पाखरू मारायला परवानगी आहे असा होत नाही. होल्याला लागलेला छर्रा आणि बाराबोअरचा बार कायद्याच्या लेखी एकाच व्याख्येत बसतात.

अभयारण्याच्या जवळ राहत असाल तर आणखी एक नियम. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्र परवानाधारकाने आपली नोंद वनविभागाकडे करायची असते, आणि नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. पुणे जिल्ह्यात सुप्याचं मयूरेश्वर, भीमाशंकर, ताम्हिणी अशी अभयारण्यं आहेत, तेव्हा तिकडे जमीन घेताना हे ध्यानात ठेवा. अभयारण्याच्या आत तर लेखी परवानगीशिवाय हत्यार न्यायचंच नाही. गाडीच्या डिकीत एअरगन राहून गेली, ही सबब गेटवर सांगायची वेळ आणू नका.

नेमबाजीचीच हौस असेल तर म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात शूटिंग रेंज आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे मूळ कोल्हापूरचा, तेव्हा मध्य रेल्वेत पुण्यात नोकरीला होता. या खेळाला इथे खरंच जागा आहे. मुलाचा हात स्थिर आहे असं दिसलं तर त्याला तिकडे घेऊन जा, माळावर नको.

पाचवी पायरी : ताटात काय येतंय ते विचारा

बंदूक हातात न धरताही माणूस या गुन्ह्यात अडकू शकतो. रानातल्या पाखराचं मांस बाळगणं, विकणं, विकत घेणं सगळं बेकायदा आहे. शिकार केलेला प्राणी आणि त्याचं मांस सरकारची मालमत्ता ठरते.

बाजारात कायदेशीर बटेर मिळतं, तेही सांगायला हवं. ते जपानी बटेर, कोंबडीसारखं पोल्ट्रीत वाढवलेलं. १९७४ मध्ये ते भारतात आणलं गेलं आणि इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या मांसासाठीच्या जाती तयार केल्या. ठिपक्याठिपक्यांची अंडीही त्याचीच. ते खायला काही हरकत नाही. अडचण अशी की त्याच्या आडून रानातली लावरी खपवली जाते.

मागच्या हिवाळ्यात एका ढाब्यावर आम्ही सहाजण बसलो होतो. वेटरने खाली वाकून हळूच सांगितलं, "साहेब, आज लावरी आहे. रानातली. पोल्ट्रीची नाही." त्याला वाटलं ही मोठी खातरदारी. आमच्यातल्या एकाने कौतुकाने होकारही भरला होता. मी त्याला थांबवलं आणि वेटरला एवढंच म्हटलं की बाबा, रानातली असेल तर ती विकणंही गुन्हा आणि खाणंही, तू तुझ्या मालकाला सांग. उठल्यावर गाडीत बसून वनविभागाला फोन केला. वेटर पोटासाठी उभा होता, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

ओळखायचं कसं? वजनावरून अंदाज येतो. पोल्ट्रीचं बटेर सोलल्यावरही बऱ्यापैकी भरतं, आपल्याकडची लावरी जिवंत असतानाच शंभर ग्रॅमच्या आत. कायदेशीर माल पॅकबंद, थंड ठेवलेला आणि बिलासकट येतो. पाय दोऱ्याने बांधलेली जिवंत पाखरं पिशवीत, रस्त्याच्या कडेला, बिल नाही, ही खूण पुरे. आणि शिजवून रस्सा केला म्हणजे पुरावा संपला असंही नाही. शिजलेल्या मांसाच्या तुकड्यावरून जात ओळखणाऱ्या प्रयोगशाळा डेहराडूनला आणि हैदराबादला आहेत.

मोरपिसाबद्दल नेहमी विचारतात म्हणून. मोराच्या शेपटीच्या पिसांना देशातल्या देशात कायद्याने सूट आहे, ती गळून पडतात म्हणून. उपटलेल्या पिसाच्या देठाला रक्ताचा अंश राहतो आणि तपासणीत तो दिसतो. देशाबाहेर मोरपीस नेऊ नका.

सहावी पायरी : पिकावर पाखरं पडली तर

नव्याने शेती करणाऱ्यांचा हा खराखुरा प्रश्न आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. ज्वारी निसवली की पोपटांचे थवे उतरतात, पेरलेलं बी मोर उकरतात. पण उपाय जुनाच आहे, राखणीचा. शेताच्या मधोमध माळा, हातात गोफण किंवा पत्र्याचा डबा, आणि पहाटेचे दोन तास व संध्याकाळचे दोन तास. पाखरं याच वेळी चरायला उतरतात, दुपारी झाडावर असतात. गोफण उडवायची ती आवाजासाठी, पाखराच्या अंगावर धोंडा बसावा म्हणून नव्हे. चमचमणारी पट्टी पिकावर आडवी बांधली तर आठवडाभर गुण येतो, मग पाखरं सरावतात, म्हणून जागा बदलत राहायची. पेरूच्या बागेला जाळी घालणार असाल तर ताणून घाला. ढिली जाळी फास होते, तिच्यात घुबडं आणि धामणीही अडकतात.

दाण्याला औषध लावून बांधावर टाकणं हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो विषप्रयोग आहे, म्हणजे व्याख्येप्रमाणे शिकार. त्यात पोपटाबरोबर तितर मरतात, मेलेलं तितर खाऊन घार मरते, आणि उद्या तुमचाच कुत्रा.

सातवी पायरी : फास दिसला, जाळं दिसलं, बार ऐकला

लावरीचे फासे कसे असतात ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे नजर बसते. बोटाएवढ्या बांबूच्या काड्या सरीच्या तोंडाशी ओळीने रोवलेल्या, दोन काड्यांत वीतभर अंतर. प्रत्येक काडीला बारीक नायलॉनच्या दोऱ्याचा फास, जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, म्हणजे चालत्या पाखराच्या गळ्याच्या उंचीवर. आजूबाजूला बाजरीचे चार दाणे. तितरासाठी जवळच कापड टाकलेला पिंजरा असतो, त्यात पाळलेला नर. तो ओरडला की रानातला तितर भांडायला धावत येतो आणि फासात पाय अडकतो. माळावर चालताना तितराचा आवाज एकाच जागेवरून, उंचावरून नव्हे तर जमिनीलगत, आणि तुम्ही जवळ गेलात तरी न थांबता येत असेल, तर तिथे पिंजरा असण्याची शक्यता धरा.

असं दिसलं की एकट्याने अंगावर जाऊ नका. आधी लांबून फोटो, मोबाइलवर जागेचं लोकेशन, वेळ, गाडी असेल तर नंबर. फासे उपटून फेकण्याचा मोह होतो, पण तो पुरावा आहे. फासात पाखरू जिवंत धडपडत असेल तर मात्र वाट बघू नका. आधी त्याचा फोटो काढा, मग दोरा कापून त्याला सोडवा.

मग १९२६ ला फोन. हा वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक, टोल फ्री. बंदूक असेल, माणसं अंगावर येत असतील, तर ११२. फोनवर गावाचं नाव, शिवार, जवळचं मंदिर किंवा पाझर तलाव असं सांगा. नुसतं 'सासवडच्या पुढे' म्हणाल तर वनरक्षक शोधत बसेल. समोरच्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या. वनरक्षक, वनपाल, त्यांच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्यांना सगळे आरएफओ म्हणतात, आणि त्यांच्यावर उपवनसंरक्षक, ही उतरंड माहीत असली की पाठपुरावा सोपा जातो. दोन दिवसांत काही कळलं नाही तर आरएफओच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला एकदा तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला पंचनामा झाला आणि मीच पंच म्हणून सही केली. पंच व्हायला लोक कचरतात, कोर्टाच्या तारखा नकोत म्हणून. पण पंच नसेल तर केस कमकुवत होते.

आणि एक गोष्ट कळकळीने. फास दिसला की तोंडात लगेच एका जमातीचं नाव येतं. इंग्रजांनी कायदा करून ज्यांच्यावर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि १९५२ मध्ये तो कायदा जाऊनही जो शिक्का पुसला गेला नाही, ती ही माणसं. तक्रारीत डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. जात लिहू नका. चांगल्या गाड्यांतून एअरगन घेऊन आलेली टोळकी मी माळावर फासांइतकीच पाहिली आहेत.

जखमी पाखरू सापडलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पोळी तर अजिबात नको. १९२६ ला कळवा आणि सुपूर्द करा. बरं होईपर्यंत घरी ठेवू, हा विचार चांगला असला तरी रानातलं पाखरू घरात ठेवणं बेकायदाच.

परदेशी निघालेल्यांसाठी थोडं

पुण्यातून बाहेर गेलेली मुलं तिथल्या मित्रांबरोबर शिकारीला जातात आणि नियम मला विचारतात. तिथे हंगाम, परवाना आणि मर्यादा तिन्ही असतात आणि तिन्ही काटेकोर असतात. इंग्लंडमध्ये ग्राऊसचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो, पार्ट्रिजचा १ सप्टेंबरला, फेझंटचा १ ऑक्टोबरला. बंदुकीचं प्रमाणपत्र पोलिसांकडून घ्यावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. बदकांसाठी सोळा वर्षं पूर्ण झालेल्या शिकाऱ्याला त्याशिवाय केंद्र सरकारचं 'डक स्टँप' नावाचं तिकीट विकत घ्यावं लागतं. स्थलांतरित पाखरांसाठी बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, आणि पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. टेक्सासमध्ये होल्याची रोजची मर्यादा पंधरा. तारखा आणि आकडे राज्यागणिक बदलतात, म्हणून त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं त्या वर्षीचं पत्रक वाचूनच निघा. तिथलं भुसा भरलेलं पाखरू, पिसं, मांस मात्र सामानात घालून पुण्याला आणू नका, कस्टममध्ये अडकाल.

आठवी पायरी : इथला खरा हंगाम

बघण्याचा हंगाम मात्र इथे आहे, आणि भरपूर. नोव्हेंबर ते मार्च भिगवण. पहाटे चारला पुण्यातून निघालात तर सोलापूर रस्त्याने उजाडायच्या आत कुंभारगावला पोचता. तिथल्या मच्छीमारांच्या होड्या मिळतात. नावाड्याला आधीच सांगा की थवा उठवायचा नाही. उडते रोहित टिपायला काही पाहुणे जास्तीचे पैसे देऊन होडी थव्यात घालायला लावतात, म्हणून नावाड्यांना वाटतं सगळ्यांना तेच हवं असतं. तुम्ही 'नको' म्हणालात की तो वल्हं खाली ठेवतो आणि पाखरं आपणहून चरत जवळ येतात.

माळासाठी वनविभागाने इंदापूरला कडबनवाडी आणि बारामतीला शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केल्या आहेत. चिंकारा, लांडगा, खोकड, आणि गाडीच्या वाटेवर धुळीत अंघोळ करणारे तितर. नोंदणी ऑनलाइन होते. शहरातच राहायचं असेल तर पाषाण तलाव किंवा लोणी काळभोरजवळचं कवडी पाट, सकाळी सातच्या आत.

स्वतःचं शेतघर असेल तर एवढं करा. बांधाकडेचं गवत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापू नका, दिवाळीनंतर कापा. ग्रासकटर लावण्याआधी एकदा काठीने गवत हलवत चालत जा. तितरीण अंड्यांवर असेल तर अगदी पायाशी येईपर्यंत उठत नाही. उठलीच, तर जिथून उठली तिथे दहा पावलांचं गवत ठेवा, काठी रोवून ठेवा आणि तीन आठवडे तिकडे फिरकू नका. आमच्या खालच्या बांधाला यंदा असा एक चौकोन ठेवला होता. गड्याने आधी विचारलं की एवढंच का राहिलं. मग एके सकाळी त्यानेच फोन करून सांगितलं, सात पिल्लं आहेत, आईच्या मागून ओळीने विहिरीकडे गेली.